सेफ क्लस्टरमधला नोड पडला: ऐरोली ते महापे पट्ट्यातल्या नव्या स्टोरेज ॲडमिनसाठी क्रमवार मार्गदर्शक

ठाणे–बेलापूर रस्त्याच्या कडेने ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे इथे डेटा सेंटर वाढत गेली, तशी सेफ स्टोरेजची (इंग्रजीत Ceph, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच साठवण करणारी प्रणाली) रात्रपाळी आता नोकरीला लागून चारदोन महिनेच झालेल्यांच्या वाट्यालाही येते. रात्री अडीचला अलर्ट येतो की एका नोडचे (क्लस्टरमधल्या एका सर्व्हरचे) बाराच्या बारा ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणाऱ्या सेफच्या प्रक्रिया) डाऊन आहेत. अशा वेळी काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते इथे सांगितलं आहे.

एक गोष्ट मनाशी पक्की धरून सुरुवात करा. नोड पडला तरी डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. तो जातो तो नंतरच्या घाईत: चुकीची डिस्क पुसली जाते, ‘मिन-साइज’ (काम चालू राहायला लागणाऱ्या किमान प्रती) एकवर आणला जातो किंवा ‘लॉस्ट’ची (डेटा सोडून दिला असं सांगणारी) कमांड मारली जाते. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये परत फिरता येईल अशी कामं आधी आणि परत न फिरणारी शेवटी ठेवली आहेत.

उदाहरणासाठी पाच नोडचा क्लस्टर धरू. प्रत्येक नोडमध्ये ८ टीबीच्या १२ हार्ड डिस्क आहेत. ओएसडीच्या डेटाबेससाठी (डेटा डिस्कवर कुठे आहे याची नोंद) दोन एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आहेत, म्हणजे एकेका एनव्हीएमईवर सहा डिस्कचा भार. ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या दोन एसएसडींवर रेड १ मध्ये (दोन्हींवर सारखीच प्रत) आहे. पूल (डेटाचे कप्पे) तीन प्रतींचे, फेल्युअर डोमेन ‘होस्ट’ (म्हणजे तिन्ही प्रती वेगवेगळ्या नोडांवर), मांडणी सेफएडीएम या सेफच्याच साधनाने केलेली. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणेच टाइप करायच्या.

१. पहिली दहा मिनिटं: ‘नोआउट’ लावायचा की नाही

ओएसडी एकमेकांना दर ६ सेकंदांनी हार्टबीट पाठवतात. २० सेकंद उत्तर आलं नाही की शेजारचे ओएसडी मॉनिटरकडे (क्लस्टरची अवस्था नोंदवणारी प्रक्रिया) तक्रार करतात. दोन वेगवेगळ्या होस्टवरून तक्रार आली की मॉनिटर त्या ओएसडीला ‘डाऊन’ ठरवतो. डाऊन म्हणजे फक्त उत्तर येत नाही, डेटा अजून हललेला नाही. डाऊन होऊन ६०० सेकंद गेले की मॉनिटर त्याला ‘आऊट’ करतो, आणि तिथून उरलेल्या नोडांवर तिसरी प्रत नव्याने बनवायचं काम सुरू होतं.

हे काम किती मोठं असतं ते एकदा हिशेब करून बघा. १२ डिस्क गुणिले ८ टीबी, त्या ६० टक्के भरलेल्या, म्हणजे ५७.६ टीबी. सगळा क्लस्टर मिळून सेकंदाला ५०० एमबी वेगाने प्रती बनवत असेल तर ३२ तास लागतील. नोड एका सैल पॉवर केबलमुळे बंद पडला असेल आणि तासाभरात परत येणार असेल, तर ही सगळी उठाठेव फुकट जाते. शिवाय नोड परतला की डेटा पुन्हा उलट दिशेने हलतो.

म्हणून नोड आज परत येण्याची शक्यता असेल तर लगेच हे द्या:

‘सेफ ओएसडी सेट-ग्रुप नोआउट’, आणि पुढे त्या होस्टचं नाव. याने त्या होस्टचे ओएसडी ‘आऊट’ होत नाहीत.

‘सेट नोआउट’ ऐवजी ‘सेट-ग्रुप’ मुद्दाम सांगतो आहे. साधा नोआउट सगळ्या क्लस्टरला लागतो. मग पहाटे दुसऱ्याच नोडवरची एखादी डिस्क गेली तर तीही आऊट होणार नाही, आणि तिच्यावरचे ग्रुप (प्लेसमेंट ग्रुप, म्हणजे डेटाचे गट) कमी प्रतींवर तसेच बसून राहतील.

मदरबोर्ड जळला आहे आणि सुट्या भागाला तीन दिवस लागणार असं कळलं, तर मात्र नोआउट लावून ठेवू नका. तोपर्यंत काही ग्रुपच्या दोनच प्रती उरलेल्या असतात. तीन दिवस अशा अवस्थेत काढण्यापेक्षा ३२ तासांची रिकव्हरी बरी. त्याआधी जागा पुरते का ते ‘सेफ ओएसडी डीएफ ट्री’ने बघा. पाच नोड ६० टक्के भरलेले असतील तर चारांवर ते ७५ टक्के होतात, म्हणजे जमतं. ६८ टक्के भरलेले असतील तर चारांवर ८५ टक्के होतात आणि ‘निअरफुल’चा इशारा येतो. डिस्क काही एकसारख्या भरत नाहीत, त्यामुळे काही डिस्क त्याआधीच ९० टक्क्यांच्या ‘बॅकफिलफुल’ला (बॅकफिल म्हणजे प्रत पुन्हा भरणं) टेकतात आणि काम तिथेच अडतं. ९५ टक्क्यांना क्लस्टर लिहिणंच बंद करतो.

तीनच नोडचा क्लस्टर असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही. तिसरी प्रत ठेवायला चौथा होस्टच नसतो, त्यामुळे ग्रुप ‘अंडरसाइज्ड’ राहतात. तिथे नोड परत उभा करणं हा एकच मार्ग आहे.

२. नेमकं काय पडलंय ते ओळखा

‘सेफ -एस’, मग ‘सेफ हेल्थ डिटेल’, मग ‘सेफ ओएसडी ट्री डाऊन’. या तीन कमांडचा निकाल एका फाइलमध्ये वेळेसकट साठवून ठेवा, सकाळी कारण शोधताना लागतो. ट्री बघताना कोणते ओएसडी गेले यापेक्षा ते कुठल्या पद्धतीने गेले ते बघा:

- एकच ओएसडी डाऊन: ती डिस्क, तिची केबल किंवा तेवढीच प्रक्रिया.
- एका नोडचे बरोबर सहा डाऊन, सहा चालू: डेटाबेसची एनव्हीएमई गेली. हा नमुना दिसला की हार्ड डिस्क तपासण्यात वेळ घालवू नका.
- बाराही डाऊन, पण आयपीएमआयवरून (मशीन दूरून बघायची वेगळी सोय) मशीन चालू दिसतं: नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिमची एसएसडी, किंवा मेमरी.
- बाराही डाऊन आणि आयपीएमआयही गप्प: पॉवर किंवा बोर्ड.
- वेगवेगळ्या नोडांचे ओएसडी आळीपाळीने डाऊन-अप होत आहेत: जवळजवळ नक्कीच स्विच, केबल किंवा एमटीयू (नेटवर्कच्या पाकिटाची कमाल लांबी). मशीनला हात लावू नका.

नोडवर लॉगिन होत असेल तर ‘डीमेसेज -टी’मध्ये शेवटच्या तासाभराच्या ओळी वाचा. ‘आऊट ऑफ मेमरी’ दिसलं तर रॅम मोजा. प्रत्येक ओएसडी साधारण ४ जीबी मेमरी धरून चालतो, म्हणजे बारांना ४८ जीबी, शिवाय सिस्टिमचे वेगळे. ६४ जीबीच्या मशीनमधली १६ जीबीची एक पट्टी गेली की गणित बिघडतं. मग ओएसडी चालू होतात, रिकव्हरीला लागतात आणि पुन्हा मरतात.

डिस्कसाठी ‘स्मार्टसीटीएल -ए’ चालवा आणि साटा डिस्कवर चार आकडे बघा. ५ नंबरचा ‘रिॲलोकेटेड सेक्टर’, १९७ चा ‘करंट पेंडिंग’ आणि १९८ चा ‘अनकरेक्टेबल’ वाढत असतील तर डिस्क जात आहे. १९९ चा ‘सीआरसी एरर’ एकटाच वाढत असेल तर डिस्क ठीक असते, केबल किंवा बॅकप्लेनचा खाचा खराब असतो. या एका आकड्याकडे दुर्लक्ष झाल्याने चांगल्या डिस्क बदलल्या जातात आणि नवी डिस्कही आठवड्यात तशीच ‘जाते’.

नोड सतत वर-खाली होत असेल तर ‘सेफ ओएसडी सेट-ग्रुप नोअप’ लावून त्याला खालीच ठेवा. दर दोन मिनिटांनी वर येणारा नोड पूर्ण बंद पडलेल्या नोडपेक्षा जास्त त्रास देतो. तो दर वेळी वर आला की त्याच्यावरचे सगळे ग्रुप पुन्हा ‘पीअरिंग’मधून (प्रतींची आपसातली जुळवणी) जातात आणि तेवढा वेळ ग्राहकांचं वाचणं-लिहिणं थांबतं.

एकाहून जास्त नोड एकदम गेले असतील तर कारण बहुधा नोडच्या बाहेर असतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत एकाच वेळी वीज गेली होती. अशा प्रसंगी जनरेटर नसलेल्या सर्व्हर रूमचा यूपीएस संपला की सगळंच बसतं. वीज परत आल्यावर आधी स्विच, मग मॉनिटरचे नोड, मग बाकीचे, या क्रमाने चालू करा. सगळे ओएसडी वर येईपर्यंत ‘नोरिकव्हर’ आणि ‘नोबॅकफिल’ लावून ठेवा, म्हणजे अर्धवट उभा क्लस्टर उगाच डेटा हलवायला लागणार नाही.

३. डेटा सेंटरला निघण्यापूर्वी

गेटवर अडून बसण्यात जातो तेवढा वेळ प्रत्यक्ष दुरुस्तीलाही लागत नाही. बहुतेक ठिकाणी हे लागतं:

- कंपनीचं ओळखपत्र आणि सरकारी फोटो ओळखपत्र, दोन्ही मूळ.
- प्रवेशाच्या विनंतीचा तिकीट नंबर. त्यात तुमचं नाव, रॅक नंबर आणि मशीन कितव्या ‘यू’वर (रॅकमधल्या उंचीचं माप) आहे ते हवं.
- आत नेणाऱ्या प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहिलेला मटेरियल गेटपास. परत आणायच्या वस्तूंचा रिटर्नेबल आणि आत राहणाऱ्या भागांचा नॉन-रिटर्नेबल, दोन्ही वेगळे.
- व्हेंडरचा इंजिनिअर येणार असेल तर त्याचा वेगळा पास. तुमच्या पासवर त्याला आत सोडत नाहीत.
- खराब भाग परत पाठवण्याचा आरएमए नंबर.

सोबत लागणारं सामान: त्याच क्षमतेच्या दोन हार्ड डिस्क, एक एनव्हीएमई, एक पॉवर सप्लाय, नेटवर्कच्या दोन डीएसी केबल किंवा एसएफपी, टॉर्क्स आणि फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, अँटिस्टॅटिक पट्टा, इन्स्टॉलरची यूएसबी, लेबलची चिकटपट्टी आणि मार्कर. एक जॅकेटही घ्या, कोल्ड आइलमध्ये (रॅकसमोरची गार हवेची वाट) दोन तास उभं राहायचं असतं. पावसाळ्यात शक्य असेल तर सुटे भाग आधीच डेटा सेंटरमधल्या कपाटात ठेवून द्या. जुलैत मोठा पाऊस लागला की ट्रान्स-हार्बरच्या गाड्यांवर आणि रस्त्यावर भरवसा ठेवून रिकव्हरीची वेळ कोणाला सांगता येत नाही.

डिस्क विकत घेताना दोन सापळे आहेत. केबल, स्क्रू, अडॅप्टर लॅमिंग्टन रोडवरून आणा, काही हरकत नाही. पण हार्ड डिस्क घेताना मॉडेल नंबरवरून ती ‘सीएमआर’ (पट्ट्या वेगळ्या ठेवून लिहिणारी) आहे याची खात्री करा. ‘एसएमआर’ (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी) डिस्क रिकामी असताना चांगली वाटते, पण बॅकफिलचं सलग लिखाण सुरू झालं की तिचा वेग इतका पडतो की ओएसडी हार्टबीट चुकवायला लागतो. दुसरं, डेटाबेससाठी घरगुती वापराची एनव्हीएमई लावू नका. तिच्यात वीज गेल्यावर डेटा सांभाळणारे कपॅसिटर नसतात, त्यामुळे प्रत्येक पक्क्या लिखाणाला ती फार वेळ घेते.

४. मशीनसमोर

आधी योग्य मशीन शोधा. रॅकमध्ये एकाखाली एक पाच सारखे सर्व्हर असतात आणि लेबल जुनं असू शकतं. ‘आयपीएमआय-टूल चॅसिस आयडेंटिफाय २४०’ दिलं की त्या सर्व्हरचा निळा दिवा पुढे-मागे चार मिनिटं लुकलुकतो. आयपीएमआयच बंद असेल तर उरलेल्या चारांचे दिवे लावा, ज्याचा लागला नाही तो आपला. दुसऱ्या चालू नोडची केबल ओढली गेली तर काही ग्रुपची एकच प्रत चालू राहते आणि मिन-साइज दोन असल्याने तिथलं काम थांबतं.

मग सोप्या गोष्टी: दोन्ही पॉवर सप्लायचे दिवे, पीडीयूची (रॅकला वीज वाटणारी पट्टी) एमसीबी, नेटवर्क पोर्टचे दिवे. पॉवर केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा. मेमरीचा एरर असेल तर ‘आयपीएमआय-टूल एसईएल लिस्ट’मध्ये पट्टीचा स्लॉट सहसा नावासकट येतो, तीच पट्टी काढा.

डिस्क काढायची वेळ आली तर काढण्याआधी प्रत्येकीवर खाचेचा नंबर लिहा आणि फोटो काढा. सेफ डिस्क ओळखतो ते एलव्हीएमच्या (लिनक्समधली डिस्क-विभागणी) खुणांवरून, खाचेवरून नाही. तरी सहा महिन्यांनी ‘चौथ्या खाचेतली बदला’ असं कोणीतरी सांगणार असतं.

मध्ये रेड कार्ड असेल तर इथे फार जपून. कार्ड किंवा बोर्ड बदलल्यावर स्क्रीनवर ‘फॉरेन कॉन्फिगरेशन सापडलं’ असं येतं आणि खाली ‘इम्पोर्ट’, ‘क्लिअर’, ‘इनिशियलाइज’ असे पर्याय येतात. डिस्क आधी थेट एचबीए मोडमध्ये (रेडविना, जशाच्या तशा) होत्या की प्रत्येकीचं एका डिस्कचं रेड ० केलेलं होतं, हे माहीत झाल्याशिवाय काहीही निवडू नका. रेड ० असेल तर ‘इम्पोर्ट’ हा मार्ग. ‘क्लिअर’ आणि ‘इनिशियलाइज’ने बाराही ओएसडी एका बटणात जातात.

५. सिस्टिमची डिस्क गेली, डेटाच्या डिस्क शाबूत आहेत

नव्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, आणि सर्वांत जास्त वाचवता येतं तेही इथेच. ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकून जुने ओएसडी जसेच्या तसे उठवता येतात. डेटा हलवायची गरज नसते.

पहिलं काम: इन्स्टॉल करण्यापूर्वी बाराही डेटा डिस्क खाचेतून दोन बोटं बाहेर ओढून ठेवा, पार काढू नका. इन्स्टॉलर चौदा-सोळा डिस्कची यादी दाखवतो आणि रात्री चारला त्यातली चुकीची ओळ निवडणं फार सोपं असतं. एनव्हीएमई तशा बाहेर ओढता येत नाहीत, म्हणून त्यांचे सीरियल नंबर कागदावर लिहून समोर ठेवा. ‘सगळ्या डिस्क आपोआप वापरा’ हा पर्याय बंद करा.

इन्स्टॉल झाल्यावर हे जुळवा:

- होस्टचं नाव अक्षरशः पूर्वीचंच. मांडणीत लहान नाव असेल तर लहानच, डोमेनसकट नाही. नाव वेगळं पडलं तर सेफएडीएम ते मशीन ओळखत नाही. हाताने चालू केलेला ओएसडी तर क्रश नकाशात (कुठला डेटा कुठल्या डिस्कवर ते ठरवणारा) त्या नव्या नावाखाली स्वतःला हलवून घेतो आणि टेराबाइट्स डेटा विनाकारण फिरायला लागतो.
- आयपी पत्ते पूर्वीचेच, पब्लिक आणि क्लस्टर दोन्ही नेटवर्कचे. बोर्ड बदलला असेल तर नेटवर्क कार्डाचं नाव आणि मॅक पत्ता बदलतो, त्यामुळे जुनी नेटवर्क फाइल तशीच टाकून चालत नाही.
- एमटीयू. बाकीचे नोड ९००० वर असतील तर हाही ९००० वरच. तपासायला ‘पिंग -एम डू -एस ८९७२’ आणि शेजारच्या नोडचा पत्ता. साधा पिंग चालतो आणि हा अडतो, तर मोठी पाकिटं वाटेत गळत आहेत. स्विचचा पोर्ट बघा.
- वेळ. ‘क्रोनी’ (वेळ जुळवणारी सेवा) चालू करून खात्री करा. मॉनिटर ०.०५ सेकंदापलीकडच्या फरकाला कुरकुर करतो. बोर्डची बॅटरी गेलेली असेल तर घड्याळ काही वर्षं मागे जातं, ओळख पटवण्याची तिकिटंच चालत नाहीत आणि लॉगमध्ये परवानगीची भलतीच चूक दिसते.
- पॉडमॅन किंवा डॉकर (कंटेनर चालवायला), पायथन ३, एलव्हीएम २. आणि आवृत्ती: सेफची आवृत्ती क्लस्टरचीच ठेवा. नव्याने टाकतोच आहोत तर नवी टाकू, असं करू नका.
- सेफएडीएमची सार्वजनिक एसएसएच किल्ली. चालू नोडवर ‘सेफ सेफएडीएम गेट-पब-की’ने ती मिळते. ती नव्या सिस्टिमच्या रूट खात्यात टाका.

आता मशीन बंद करून डिस्क आत ढकला, चालू करा आणि ‘सेफ-व्हॉल्यूम एलव्हीएम लिस्ट’ बघा. बाराही ओएसडींचे नंबर आणि त्यांच्या डेटाबेसचे भाग तिथे दिसायला हवेत. ते दिसले की चालू नोडवरून एकच कमांड: ‘सेफ सेफएडीएम ओएसडी ॲक्टिव्हेट’, पुढे होस्टचं नाव. ओएसडी एन्क्रिप्टेड असले तरी घाबरू नका. त्यांच्या किल्ल्या मॉनिटरकडे असतात, नोडवर नसतात.

नोड फार वेळ बाहेर नसेल तर प्रत्येक ग्रुपच्या लॉगवरून फक्त दरम्यान बदललेल्या वस्तू (ऑब्जेक्ट, म्हणजे डेटाचे तुकडे) पाठवल्या जातात आणि काम लवकर आटोपतं. लॉग पुढे सरकून गेला असेल तर पूर्ण बॅकफिल होतो, म्हणजे सगळ्या वस्तू एकेक करून पडताळल्या जातात.

६. डिस्क खरोखरच गेली असेल तर

‘सेफ ओएसडी सेफ-टू-डिस्ट्रॉय’ (इथला दुसरा ‘सेफ’ म्हणजे इंग्रजी safe) आणि ओएसडीचा नंबर. उत्तर ‘हो’ येईपर्यंत पुढे जाऊ नका. ‘नाही’ आलं तर एकतर त्याच्यावरचे ग्रुप अजून दुसरीकडे पूर्ण भरलेले नाहीत, किंवा त्यांची अवस्था मॉनिटरला कळलेली नाही. नोआउट लावलेला असेल तर हे उत्तर कधीच ‘हो’ येणार नाही, कारण भरणं सुरूच झालेलं नसतं. त्या होस्टचा नोआउट फ्लॅग काढा आणि थांबा.

त्यानंतर ‘डिस्ट्रॉय’ की ‘पर्ज’? नवी डिस्क लगेच बसणार असेल तर ‘डिस्ट्रॉय’. त्यात ओएसडीचा नंबर आणि क्रशमधली जागा राहते, नवी डिस्क तोच नंबर घेते आणि डेटा एकदाच हलतो. ‘पर्ज’ने नाव नकाशातून जातं, त्या होस्टचं वजन घटतं, डेटा हलतो, आणि नवी डिस्क आली की पुन्हा हलतो.

सेफएडीएममध्ये ‘सगळ्या रिकाम्या डिस्क वापरा’ अशी ओएसडीची व्याख्या असेल तर ती आधी ‘अनमॅनेज्ड’ करा. नाहीतर पुसलेली डिस्क तुम्ही बाहेर काढायच्या आत पुन्हा ओएसडी बनून बसते.

डेटाबेसची एनव्हीएमई गेली असेल तर तिच्यावरचे सहाही ओएसडी गेले असं धरा. कुठली वस्तू डिस्कवर कुठे आहे ही माहितीच त्या एनव्हीएमईवर होती. सहा हार्ड डिस्क मात्र चांगल्या आहेत. वरची खात्री झाल्यावर त्या पुसून नव्या एनव्हीएमईसह पुन्हा ओएसडी बनवा, नव्या विकत घेऊ नका.

७. पडलेल्या नोडवर मॉनिटर होता का?

‘सेफ कोरम-स्टेटस’ बघा. तीनपैकी एक गेला तर दोघांवर कोरम (बहुमत) टिकतो, पण आणखी एक गेला की अख्खा क्लस्टर थांबतो. नोड आज येणार नसेल तर मॉनिटर दुसरीकडे हलवा. क्रम मात्र असा: आधी मेलेला मॉनिटर यादीतून काढा, मग नवा जोडा. उलटं केलं तर यादीत चार होतात, बहुमताला तीन लागतात आणि जिवंत तीनच असतात. एकही हलला तर सगळं बंद.

‘ऑर्क’च्या (सेफएडीएमला काम सांगणाऱ्या) कमांड अडकून पडत असतील तर मॅनेजर (त्या पार पाडणारी प्रक्रिया) बघा. एकच मॅनेजर होता आणि तोही याच नोडवर होता, असं बऱ्याच ठिकाणी निघतं.

८. रिकव्हरीचा वेग

ओएसडी वर आले की ‘सेट-ग्रुप’ने लावलेले फ्लॅग ‘अनसेट-ग्रुप’नेच काढा. क्विन्सी आवृत्तीपासून, म्हणजे १७ पासून, वेग ‘एमक्लॉक’ (डिस्कचा वेळ कामांत वाटणारा भाग) ठरवतो. त्यामुळे जुन्या टिपणांतला ‘ओएसडी-मॅक्स-बॅकफिल्स’ वाढवायचा उपाय तिथे लागू होत नाही, नुसता आकडा बदलून काही घडत नाही. त्याऐवजी ‘ओएसडी-एमक्लॉक-प्रोफाइल’ बदला: रात्री ‘हाय-रिकव्हरी-ऑप्स’, आणि सकाळी ऑफिस सुरू होण्याआधी ‘हाय-क्लायंट-ऑप्स’. सकाळचा बदल विसरू नये म्हणून त्याचं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) लावून ठेवा. रिकव्हरी चालू असेपर्यंत ‘नोस्क्रब’ आणि ‘नोडीप-स्क्रब’ (प्रतींची नेहमीची तपासणी थांबवणारे फ्लॅग) लावलेले बरे.

‘बॅकफिल-टूफुल’ दिसलं तर ज्या डिस्कला जागा नाही तिचं ‘रीवेट’ (डेटातला वाटा ठरवणारा आकडा) थोडं कमी करा, ०.९५ पासून सुरुवात. ९० टक्क्यांची मर्यादा ९२ करून तात्पुरतं सुटतं, पण ९५ जवळ आहे हे विसरू नका.

रिकव्हरीचा टक्का बराच वेळ हलत नसेल तर ‘सेफ पीजी डम्प-स्टक’ बघा. बहुतेक वेळा एकाच सावकाश डिस्कमागे सगळी रांग उभी असते. ‘सेफ ओएसडी पर्फ’मध्ये तिचा आकडा बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठा दिसतो.

९. ग्रुप ‘इनकम्प्लीट’ किंवा वस्तू ‘अनफाउंड’

ग्रुपच्या पुरेशा प्रती किंवा एखादी वस्तू सापडतच नाही, इथवर पोहोचलात तर एकट्याने निर्णय घेऊ नका, वरिष्ठांना उठवा. मिन-साइज एकवर आणू नका. एकाच प्रतीवर नवं लिखाण झालं आणि ती डिस्कही गेली, तर ते लिखाण कुठेच उरत नाही. ‘सेफ ओएसडी लॉस्ट’ आणि ‘मार्क-अनफाउंड-लॉस्ट’ म्हणजे डेटा सोडून दिला असं क्लस्टरला लेखी कळवणं. ते परत घेता येत नाही.

त्याआधी दोन वाटा आहेत. मरत असलेली डिस्क अजून थोडीफार वाचली जात असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ने तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर तिची नक्कल करा. नंतर जुनी डिस्क बाहेर काढूनच मशीन चालू करा. दोन्ही एकदम लावल्या तर एलव्हीएमला एकाच ओळखीच्या दोन डिस्क दिसतात. किंवा ओएसडी बंद ठेवून ‘सेफ-ऑब्जेक्टस्टोअर-टूल’ने तेवढाच ग्रुप ‘एक्सपोर्ट’ करा आणि दुसऱ्या, बंद केलेल्या ओएसडीत ‘इम्पोर्ट’ करा. एक्सपोर्टची फाइल क्लस्टरच्या बाहेर ठेवा आणि सगळे ग्रुप ‘ॲक्टिव्ह-क्लीन’ (चालू आणि सगळ्या प्रती पूर्ण) होऊन काही दिवस जाईपर्यंत पुसू नका.

१०. निघण्यापूर्वी

‘सेफ ओएसडी डम्प’मध्ये एकही फ्लॅग उरला नाही ना ते बघा. ‘नोडीप-स्क्रब’ हमखास राहतो आणि मग काही आठवड्यांनी ‘डीप स्क्रब वेळेत झाला नाही’ असे इशारे येऊ लागतात. एमक्लॉकचं प्रोफाइल जागेवर आणा, ओएसडीची व्याख्या पुन्हा ‘मॅनेज्ड’ करा, ‘सेफ क्रॅश एलएस’ एका फाइलमध्ये घेऊन मग ‘क्रॅश आर्काइव्ह-ऑल’ द्या. परत आलेल्या ओएसडींवर एकदा हाताने डीप स्क्रब सुरू करून द्या.

खराब डिस्क व्हेंडरला देण्याआधी तिच्यावर काय होतं आणि ती एन्क्रिप्टेड होती का ते तपासा. ग्राहकांची व्यक्तिगत माहिती असलेली उघडी डिस्क बाहेर जाणं हा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कक्षेतला विषय आहे. एन्क्रिप्टेड नसेल तर करारात डिस्क स्वतःकडे ठेवायची सोय आहे का ते विचारा. नसेल तर डीगॉसिंग (तीव्र चुंबकाने डिस्क पुसणं) करून प्रमाणपत्र घ्या आणि मगच आरएमए करा. गेटवर तिच्या सीरियल नंबरचा बाहेर जाण्याचा पास आदल्या संध्याकाळीच मागून ठेवा. सकाळच्या शिफ्ट बदलाच्या वेळी तो मिळायला तासभर सहज जातो.